माघ दशमीचा कोंबडा

यंत्र बिघडलं की आमच्या गावातले लोक एक तर त्याला हात जोडतात, नाही तर नेरला मिस्त्रीकडे घेऊन जातात. मी ते उघडतो. गावात पेचकस बाळगणारा मी एकटाच माणूस, आणि तो मी शोभेला ठेवलेला नाही. नानाजींची टॉर्च मी दुरुस्त केली. ग्रामपंचायतीचा कंदील मी दुरुस्त केला. माझ्या बायकोचं, पंचफुलेचं, शिवणाचं मशीनसुद्धा मीच दुरुस्त केलं. तेव्हापासून ती हातानं शिवते, पण तो तिचा हट्ट आहे, त्यात मशीनचा दोष नाही.

तर असा मी, बाबाराव, त्या वर्षी माघ दशमीला सगळ्या गावाला घरी बोलावून बसलो.

दशमीचं कारण आधी सांगतो. आमच्या घरी माझी आत्या राहते, भागीरथा आत्याबाई. तिचे यजमान सदाशिवराव. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. दारव्हा-नेर भागात खंजिरी भजनात त्यांचा हात धरणारा माणूस नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी तबकड्या काढणाऱ्या कंपनीची माणसं अमरावतीला येऊन उतरली होती, त्यांनी मामाजींचं एक भजन भरून घेतलं. पुढे मामाजी गेले ते माघ दशमीला. आत्याबाई आमच्याकडे राहायला आली ती एक पेटी, एक खंजिरी आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ती एक तबकडी घेऊन. आमच्याकडे वडिलांच्या वेळचा फोनो होता, चावी देऊन वाजवायचा, लाकडी पेटीचा. त्यावर वर्षातून एकदाच, दशमीला, ती तबकडी लावायची. एकदाच. "सुई घासते, बाबू. दर डावा त्याइचा आवाज थोडा थोडा झिजते," असं आत्याबाईचं म्हणणं. एरवी तीनशे चौसष्ट दिवस ती तो आवाज राखून ठेवायची.

तबकडीच्या मागच्या बाजूला मात्र भलताच प्रकार होता. कुणी गृहस्थाने तिथे कोंबडा, रेल्वे आणि तान्हं पोर यांचे आवाज काढून ठेवलेले. नाव पाहावं तर कागदावरचं नाव कुणीतरी नखानं खरडलेलं. ती बाजू आम्ही कधी लावत नसू. भजनाच्या पाठीला कोंबडा चिकटवणाऱ्या कंपनीच्या अकलेला मी तेवढी नावं ठेवायचो.

दरवर्षी आम्ही घरातलेच बसून भजन ऐकायचो. या वर्षी मला वाटलं, एवढा मोठा माणूस, गावानं ऐकायला नको? मी पारावर जाहीर करून टाकलं.

नानाजी आमचे शेजारी. वयानं मोठे, आणि शंका काढण्यात त्याहून मोठे. ते म्हणाले, "लोक ओसरीवर बसले तं आवाज येईन काय बाबाराव?"

"ओसरी?" मी म्हणालो. "नानाजी, तुमी मारुतीच्या देवळात बसून ऐकसान."

आता एवढं बोलून गेल्यावर एकदा वाजवून पाहणं आलंच. दशमीला आठ दिवस होते. फोनो समोरच्या मोठ्या खोलीत असायचा. त्या साली मी कापूस अजून विकला नव्हता. भाव चढणार याची मला आतून खात्री होती, त्यामुळे खोलीच्या तीन भिंतींना लागून थेट आढ्यापर्यंत कापूस रचला होता आणि मधून माणूस जाईल एवढी वाट. हंगामात आमच्याकडे घरोघरी हेच असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आत्याबाई तेवढी पौषापासून कुरकुर करत होती. "कापूस कवा काढतू रे? घराचा जीव गुदमरून राह्यला." मी म्हणायचो, भाव चढू दे.

"आत्याबाई, फोनो वाजवून पाहतो," मी म्हणालो.

"भजन नोको लावू. मागची बाजू लाव," ती म्हणाली, आणि चुलीवरचं तसंच टाकून येऊन खोलीतल्या मधल्या खांबाला टेकून बसली. कोंबडा ऐकायला एवढं काय बसायचं, मला कळलं नाही.

मी चावी दिली. नवी सुई लावली. अलगद टेकवली. दोन गावांपलीकडे कुणी डालग्याखाली झाकलेला कोंबडा आरवावा, तसं काहीतरी आलं. रेल्वे तर आली की गेली तेही कळलं नाही. तबकडी संपली. आत्याबाई तशीच वाट पाहत बसलेली.

"लावत काहून नाई?"

"लावली, आत्याबाई. झाली बी."

तिनं लुगड्याचा पदर उगाच सारखा केला. मग म्हणाली, "मंग माहे कान गेले."

"कान नाई गेले. मशीनच हळू वाजून राह्यलं."

"तू पंचफुलेच्या मशीनले बी काही झालं नाई म्हनत होता." ती उठली. दारातून वळून म्हणाली, "बाबू, दशमीले मले ऐकू नाई आलं ना, तं ते तबकडी नदीत शिरवून टाक. मले ऐकू येत नाई अशी वस्तू घरात ठिऊन, तिच्याकडे पाहत बसू काय?"

ती रागानं बोलली असती तर बरं वाटलं असतं. भाजीत मीठ टाक म्हणावं तसं तिनं सांगितलं, आणि आत्याबाई असं बोलली की ते करतेच. नदी गावाला लागून होती.

मी पेचकस काढला.

पहिल्या दिवशी मी फोनोची आवाजाची डबी उघडली. सुई जिला लावतात ती, वाटीएवढी. आत अभ्रकाची पातळ चकती आणि तिच्या कडेला रबराची कडी असते. रबर वाळून दगड झालेलं. "सापडला रोग," मी पंचफुलेला म्हणालो आणि सायकलच्या ट्यूबची फर्मास कडी कापून बसवली. वाजवलं. कोंबडा पूर्वीइतकाच लांब होता, आणि आता त्याला पडसंही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राला तेल दिलं. घरात तेल एरंडीचं होतं, तेच दिलं. चाक जड झालं. तबकडी अशी रमतगमत फिरू लागली की कोंबड्याचा रेडा झाला, आणि पोर रडायचं सोडून घोरू लागलं.

पंचफुला दारात उभी राहून पाहत होती. "अवो, तेल देल्लं तसा एखादा काढा बी देऊन पाहा," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी नानाजी आले. त्यांनी सल्ला दिला की फोनो पाण्याच्या रिकाम्या पितळी गुंडावर ठेवावा, गुंड घुमतो. गुंड घुमला. इतका घुमला की पेटीचं झाकण आपटून माझी तीन बोटं सुजली, कोंबडा मात्र होता तिथेच. मग नानाजी म्हणाले, पेटीच्या पोटात काही अडकलं असेल. मी तार घालून खरवडलं तर काय निघावं? कुंभारणमाशीनं केलेलं मातीचं घर, चांगलं सुपारीएवढं! मी ते हातावर घेऊन ओसरीवर आलो. रोगाचं मूळ गावाला दाखवलं. पंचफुलेकडून गूळ आणवून वाटलासुद्धा. मग आत जाऊन वाजवलं.

गूळ परत मागता येत नाही.

आणि प्रत्येक वेळी आत्याबाई हातातलं काम टाकून यायची, खांबाला टेकून बसायची, मान एका बाजूला करून वाट पाहायची, आणि उठून जायची. मला वाटे, कानांची परीक्षा घेते आहे बिचारी. तिचं ते उठून जाणं मला बघवत नव्हतं. शेवटी जो शब्द मी आयुष्यात उच्चारला नव्हता, तो उच्चारला. "नेरले नेतो."

नेरला बाजाराच्या तोंडाशी मुख्तार मिस्त्रींचं दुकान होतं. वर टिनाचं छप्पर, खाली फरशी, आणि आत स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, शिवणाची मशीनं. पांढरी दाढी, कानावर पेन्सिलचा तुकडा. मी गोधडीत बांधलेला फोनो त्यांच्यासमोर सोडला आणि काय काय केलं ते सांगू लागलो. ते हात वर करून म्हणाले, "जरा रुका, बाबारावजी. आधी आयकू द्या."

"ऐकू येत नाई म्हून तं आनला."

"तरी आयकू द्या."

हा माणूस आधी उघडत नाही. आधी डोळे मिटतो. मला ही रीत जरा ढोंगी वाटली, खरं सांगतो. त्यांनी मागची बाजू लावली, डोळे मिटून बसले, आणि कोंबडा जो आरवला! एरंडेलामुळे जरा घोगरा, पण असा खणखणीत, की मागच्या बोळातून दोन खऱ्या कोंबड्यांनी जबाब दिला. रेल्वेची शिट्टी झाली तेव्हा बाजारातली माणसं दुकानाशी गोळा झाली.

"आवाज तं हाय," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी डबी उघडली. चिमट्यानं माझी कडी उचलून उजेडात धरली. "सायकल तुमचीच काय?"

"हो."

"ट्यूब चांगली हाय," ते म्हणाले आणि ती बाजूला ठेवली. नवं रबर बसवलं. घासलेटनं एरंडेल धुऊन काढलं, मशीनचं तेल दोन थेंब सोडलं. सगळं इतकं हळू आणि इतकं नेमकं, की त्यांची बोटं पाहताना मी बोलायचं विसरलो. पुन्हा लावलं. आता कोंबडा थेट छपरावर चढला. मिस्त्री डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "पोरगं रडते ना, त्याच्या मागं कोनी तरी हासते. बाईमानूस हाय."

"खरखर असन, मिस्त्री. जुनी तबकडी हाय."

"खरखर हासत नसते, बाबारावजी."

मला काही हसू ऐकू आलं नव्हतं. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, असेल.

मोटारीतून मी उतरलो तेव्हा थाटात उतरलो. नानाजी, शेजारीपाजारी सगळे मागोमाग घरी आले. मी फोनो जागेवर ठेवला, आत्याबाई येऊन बसली, मी चावी दिली, सुई टेकवली. आणि दोन गावांपलीकडे, डालग्याखाली, कोंबडा आरवला.

"नेरचा आवाज नेरलेच राह्यला," नानाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नेरला. मिस्त्रींनी डोळे मिटले, सुई ठेवली, कोंबडा कडाडला. "याले काहीच झालं नाई," ते म्हणाले. मी म्हणालो, मोटारीच्या हादऱ्यानं आतलं काही हलत असणार. त्यांना ते पटलं नाही, पण माझं तोंड पाहून त्यांनी वाद घातला नाही. मी निरोप धाडून आमचा गडी उकंडा याला बैलगाडी घेऊन बोलावलं. गाडीत दोन हात कापूस अंथरला, वर फोनो ठेवला, त्यावर गोधडी पांघरली, आणि दवाखान्यातून बाळंतीण आणावी तसा सावकाश घरी आणला. वाटेत उकंडानं बैलांना एकदासुद्धा दामटलं नाही.

घरी येऊन लावला. डालगं, आणि दोन गावं.

"याले आपल्या गावचं पानी मानवत नाई," पंचफुला म्हणाली. हे ती चेष्टेनं म्हणाली, पण संध्याकाळपर्यंत गावात खरं धरलं गेलं. कुणी म्हणे मामाजी रुसले. कुणी म्हणे फोनो लाजतो. मी पारावर जाणं सोडलं.

दशमीच्या आदल्या दिवशी आत्याबाईनं तबकडी लुगड्यात गुंडाळली. शेजारी एक नारळ ठेवला, हळदकुंकू ठेवलं. म्हणजे तबकडी नदीत सोडायची तयारी झाली. मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "उद्या एक डाव भजन लाव. मंग झालं." नेरला जायला मला आता तोंड नव्हतं. मी उकंडाला पाठवलं, आणि मिस्त्रींना सांग म्हणालो, सगळं सांग, नारळाचंही सांग.

दशमीला पहिल्या मोटारीनं मुख्तार मिस्त्री स्वतः आले. हातात हत्यारांची पिशवी. ओसरीवर बसून पाणी प्याले, चहा घेतला. कापसाच्या वाटेनं आत आले, आत्याबाईला वाकून सलाम केला, आणि मला म्हणाले, "लावा."

मी मागची बाजू लावली. त्यांनी डोळे मिटले. तबकडी संपली तरी उघडले नाहीत. मी पिशवीकडे पाहत होतो. त्यांनी तिला हात लावला नाही. त्यांनी डोळे मिटूनच एक टाळी वाजवली. पुन्हा एक वाजवली. मग उठून अंगणात गेले, भिंतीसमोर उभे राहून तिसरी वाजवली. ती टाळी कशी लख्ख वाजली, हे मला ऐकू आलं, पण त्याचा अर्थ काय ते डोक्यात शिरेना. मिस्त्री परत आले. माझ्याकडे पाहिलं, मग आढ्यापर्यंत पाहिलं. फार मायेनं पाहिलं.

"बाबारावजी, मशीन तंदुरुस्त हाय. आत्याबाईचे कान बी तंदुरुस्त हायेत. हा जो कापूस हाय ना, हा सारा आवाज पिऊन घेते."

"कापूस?" मी म्हणालो. "पन हा तं कापूस हाय."

"तेच तं म्हनून राह्यलो. माह्या दुकानात वर टिन, खाली फरशी. आवाजाले टेकाले जागा नाई, म्हून तो कानात येते. तुमी त्याले तीन बाजूनं गाद्या घालून देल्ल्या. तो निंघते अन् निजून जाते."

"पन कापूस तं सगळ्याइच्याच घरी राह्यते."

"फोनो सगळ्याइच्या घरी नाई राह्यत."

मी खाली बसलो. आठ दिवस मी त्या कापसाला टेकून फोनो उघडत होतो. पेचकस हरवला की त्या कापसातच हात घालून शोधत होतो. आणि या माणसानं पिशवीचं तोंडही न सोडता, दोन हातांच्या टाळीनं रोग काढला. गूळ मी उगाच वाटला. वाटायचा तर आज वाटायला हवा होता. नुसतं कौतुक म्हणावं तेवढंच ते नव्हतं, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"पौषापासून सांगून राह्यली मी," आत्याबाई खांबापासून म्हणाली. "घराचा जीव गुदमरून राह्यला म्हून."

मी म्हणालो, मग फोनो अंगणात नेऊ. मिस्त्री नाही म्हणाले. अंगणात आवाज उडून जातो, म्हाताऱ्या कानाला भिंती पाहिजेत. आत्याबाई तर उठेचना. "ते आपल्या घरी आले का याच खांबाले टेकून बसत. मी इथंच आयकीन."

एव्हाना भजनाला बोलावलेलं गाव ओसरीवर जमू लागलं होतं. जो आला त्याच्या हाती आम्ही चादर दिली. चादरी संपल्या तशा धोतरं आली, गोधड्या आल्या, पंचफुलेनं कोऱ्या लुगड्याची घडी मोडली. कापूस बाहेर निघू लागला. नानाजी भारा डोक्यावर घेऊन जाताना दिसत नव्हते, नुसता शंका काढणारा ढीग चाललेला दिसत होता. मिस्त्रींनी सदऱ्याच्या बाह्या सारून भारे वाहिले; त्यांची दाढी कुठे संपते आणि कापूस कुठे सुरू होतो हे सांगता येईना. उकंडा चौथ्या खेपेला माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, "मालक, भाव चढला काय?" मी त्याला पुढचा भारा दिला.

दुपार कलताना भिंती दिसल्या. दिवाळीपासून हरवलेली पंचफुलेची पळी सापडली. खोली झाडून झाली. मी उगाच खाकरलो, तर माझं खाकरणं चार भिंतींनी मला परत केलं. आपल्याच घरात मी दचकलो.

लोक ओसरीवर बसले. मिस्त्रींनी नवी सुई लावली आणि म्हणाले, "आत्याबाई, सुई तुमी ठेवा." तिनं सुई हळूच खाली आणली. त्यांनी खालून बोटानं आधार दिला.

आधी खंजिरी आली. मग मामाजी आले. दुसरा शब्द नाही मला, ते आले. उंच, भरदार, प्रत्येक अक्षर जागेवर. आवाज खोली भरून ओसरीवर गेला, ओसरीवरून अंगणातल्या पांढऱ्या डोंगरावर गेला. नानाजी एकदम उठले आणि चप्पल न घालता पळत सुटले. कुठे ते मला नंतर कळलं. आत्याबाई मान एका बाजूला करून ऐकत होती, आणि ओठांनी शब्द म्हणत होती, मामाजींच्या अर्धं पाऊल आधी.

भजन संपलं. पंचफुला डोळे पुसत होती, मीही पुसत होतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. मी नारळ उचलून आत ठेवायला निघालो.

"बाबू," आत्याबाई म्हणाली, "आता मागची लाव."

"आत्याबाई, आता कोंबडा कायले? येवढं चांगलं भजन झालं, लोक बसले हायेत."

"लाव म्हनलं ना."

मी लावली. कोंबडा आरवला. रेल्वे आली, शिट्टी देऊन गेली. ओसरीवर खसखस पिकली. मग तान्हं पोर रडू लागलं, आणि त्या रडण्याच्या मागून, कोपऱ्यातून यावं तसं, एका बाईचं हसू आलं. आवरायला गेलं आणि आवरलं नाही, असं. मुख्तार मिस्त्रींनी डोळे उघडून आत्याबाईकडे पाहिलं.

"ते हासनारी मी हाय," आत्याबाई ओसरीवर ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली.

तिनं सांगितलं, मागच्या बाजूला दुसरा कुणी गाणार होता. त्याला ताप आला. कंपनीचा साहेब म्हणाला बाजू रिकामी राहते. तेव्हा मामाजींनी, एवढ्या मोठ्या भजनी माणसानं, घरी बायकोला हसवायला जे आवाज काढायचे ते काढून दिले. आत्याबाईला कोपऱ्यात बसवून बजावलं होतं की श्वाससुद्धा घ्यायचा नाही. पोर रडेपर्यंत तिनं तो धरला.

"मंग त्याइले लाज वाटली. तबकडी आली तसं नखानं आपलं नाव खरडलं अन् मले शपथ घातली. म्हून मी कधी बोलली नाई. भजन साऱ्याइसाठी होतं, बाबू. हे माह्यासाठी होतं. पन दशमीच्या दिवशी कोंबडा लाव म्हनाव कसं? तू वाजवून पाहतो म्हनला तं मी मागची लाव म्हनलं. आठ दिवस येऊन बसून राह्यली, पन हासू काही ऐकू येईना." तिनं खांबावरून हात फिरवला. "लेकरू नव्हतं आमाले. हे रडनं तेवढं घरात होतं."

कंपनीच्या अकलेबद्दल मी इतकी वर्षं जे बोलत आलो होतो ते सगळं मला एकेक करून आठवलं. आणि आठ दिवसांत मी मामाजींना काय काय बनवलं होतं तेही आठवलं. रेडासुद्धा.

तेवढ्यात नानाजी धापा टाकत परत आले. पायाला धूळ, डोक्यावर कापूस. "येते रे बाबाराव, मारुतीच्या देवळापर्यंत येते. अक्षर न् अक्षर येते. पन मागून कोंबडा कोनाचा आरवला?"

मी आत्याबाईकडे पाहिलं. तिनं शपथ मोडली होती ती त्या खोलीपुरती.

"आमचाच व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कापूस विकायला जिनात गेला. भावाचं पुढे काय झालं ते सांगायला नानाजी दोनदा येऊन गेले, मी दोन्ही वेळा शेतात होतो. आता दर दशमीला आमच्या घरी आधी भजन होतं, मग कोंबडा आरवतो, आणि मी दोघांनाही हात जोडतो. मुख्तार मिस्त्री पहिल्या मोटारीनं येतात. त्या पहिल्या वर्षी परत जाताना त्यांनी पंचफुलेचं शिवणाचं मशीनही पाहिलं. डोळे मिटून एकदा चाक फिरवलं आणि विचारलं, "हे आधी कोनं उघडलं होतं?" मी बैलांना पाणी पाजायला गेलो. ते मशीन आता सुरळीत चालतं.

माझा पेचकस मात्र त्या दिवसापासून सापडत नाही. पंचफुलेला विचारलं तर म्हणते, आत्याबाईले विचारा. आत्याबाईला विचारतो, तर तेवढं तिला ऐकू येत नाही.